आबा त्या रात्री जेवले नाहीत

वाचकाचं पत्र :

ताई, आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत आहे आणि एनडीएची तयारी करतोय. माझे सासरे, म्हणजे आबा, मराठा लाइट इन्फंट्रीत होते. ७१ च्या लढाईत जमालपूरला होते. त्यांची पदकं मुलगा स्वतः पुसून ठेवतो, एवढा त्याला त्यांचा अभिमान.

परवा भारत-पाकिस्तान सामना आपण जिंकलो. पोरांनी फटाके वाजवले, त्याचं काही नाही. पण वाजवायला गेली ती नेमकी चौकातल्या बेकरीसमोर. बेकरी मुसलमान कुटुंबाची, तीन पिढ्या इथंच. त्यांचा मुलगा आणि माझा मुलगा बालवाडीपासून एका वर्गात. त्याला बाहेर बोलावलं आणि 'भारत माता की जय' म्हणायला लावलं. तो म्हणाला, तर 'अजून मोठ्यानं', असं चार वेळा. व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला आणि वर लिहिलं, 'टेस्ट पास'. व्हिडिओ काढणारा माझा मुलगा होता.

मी रागावले तर म्हणतो, 'शिवी दिली का? हात लावला का? ज्याला देश प्यारा आहे त्याला घोषणा द्यायला काय अडचण?' मला उत्तर सुचलं नाही. हे म्हणतात, 'जोश आहे, आत्ता दाबलास तर फौजेत जायची जिगर राहायची नाही.' आबा काहीच बोलले नाहीत. त्या रात्री जेवलेही नाहीत. रोज सकाळी ते त्याच बेकरीतून टोस्ट आणायला जातात, तसे दुसऱ्या दिवशीही गेले. ताई, मलाही देशाचा अभिमान आहे. मुलाच्या मनातलं देशप्रेम न मारता हे जे दुसरं काही त्यात शिरलंय, ते कसं काढू?

– एक आई

उत्तर :

ताई, तुमच्या मुलाचा प्रश्न टाळण्यासारखा नाही, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते.

अडचण घोषणेत मुळीच नाही. बेकरीतला मुलगा ती घोषणा गेली बारा वर्षं देत आला आहे, १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला, बहुतेक तुमच्या मुलाच्याच शेजारी उभा राहून. त्या दिवसांत ती त्याची स्वतःची असायची. परवा रात्री ती त्याच्याकडून वसूल केली गेली. एकाच वर्गातल्या, एकाच देशाच्या दोन मुलांपैकी एकजण परीक्षक झाला आणि दुसरा परीक्षार्थी. तुमच्या मुलाला विचारा, परीक्षक म्हणून तुझी नेमणूक कोणी केली? आणि त्याआधी तू स्वतः कुठली परीक्षा दिली होतीस? चौथ्यांदा 'अजून मोठ्यानं' म्हणताना त्या मित्राच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतंस का, की फक्त मोबाइलच्या पडद्याकडे?

मला देशप्रेम आणि आंधळा राष्ट्रवाद या दोन गोष्टी आजवर एका साध्या खुणेने ओळखता आल्या आहेत. देशप्रेम स्वतःकडे मागतं : वेळ, कष्ट, कर, शिस्त, प्रसंगी जीव. आंधळा राष्ट्रवाद शेजाऱ्याकडे मागतो, आणि बहुधा अशा शेजाऱ्याकडे, ज्याला 'नाही' म्हणण्याची सोय नसते. विचार करा, ती पोरं घोषणा द्यायला लावायला गावातल्या एखाद्या पुढाऱ्याच्या मुलाकडे का गेली नाहीत?

हे मी उंचावर बसून सांगत नाही. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. एका स्वातंत्र्यदिनी राष्ट्रगीत चालू असताना आठवीतला एक मुलगा नुसते ओठ हलवतोय, आवाज काढत नाही, असं माझ्या लक्षात आलं. झेंडावंदन संपताच मी त्याला सगळ्या रांगांसमोर उभं केलं आणि विचारलं, 'तुला देशाची लाज वाटते का रे?' तो काही बोलला नाही. दुपारी त्याची आई भेटायला आली. मुलगा तोतरा होता. आपण मध्येच अडखळलो तर राष्ट्रगीत बिघडेल, म्हणून तो दरवर्षी मनातल्या मनात म्हणायचा. त्या मैदानावर राष्ट्रगीताची सगळ्यात जास्त काळजी त्या मुलाला होती, आणि मी त्याला शरमिंदा केलं. मी त्याची माफी मागितली, तीही दुसऱ्या दिवशी सगळ्या रांगांसमोरच, कारण अपमान तिथं केला होता. आज त्या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली, पण १५ ऑगस्ट आला की तो मुलगा मला दिसतो.

केरळातल्या तीन भावंडांना १९८५ साली शाळेतून काढून टाकलं होतं. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८६ मध्ये त्यांना पुन्हा शाळेत घ्यायला लावलं. आदराने उभं राहणं पुरेसं आहे, गळ्यातून आवाज काढायची सक्ती करता येणार नाही, असा तो निकाल. मी शिक्षिका असूनही तो मला माझ्या चुकीनंतरच माहीत झाला.

आता आबांकडे येते, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य त्यांच्याबद्दलचं आहे.

तुमचा मुलगा आजोबांची पदकं पुसतो, पण ती कुठल्या लढाईची आहेत, हे त्याला नीट माहीत आहे का? जमालपूर आजच्या बांगलादेशात आहे. ७१ च्या डिसेंबरात मराठा लाइट इन्फंट्रीची 'जंगी पलटण' नावाची तुकडी त्या भागात लढली आणि ११ डिसेंबरला जमालपूर पडलं. ही लढाई कोणाच्या बाजूने होती? पूर्व पाकिस्तानातल्या बंगाली माणसांच्या, आणि त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. आपल्या जवानांना रात्रीच्या अंधारात शेतांतून, नदीनाल्यांतून वाट दाखवणारे मुक्तिवाहिनीचे, म्हणजे बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणारे, पोरगेलेसे तरुण होते. त्यांतलेही बहुतेक मुसलमान. समोर पाकिस्तानी लष्कर होतं, तेही मुसलमान. म्हणजे आबांनी ऐन विशीत बंदूक हातात घेऊन जे पाहिलं, त्यात 'मुसलमान म्हणजे पाकिस्तान' हे समीकरण एका रात्रीतच निकालात निघालं असणार. आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाल्यावर जवळपास ९३ हजार युद्धकैदी आपल्या ताब्यात आले. त्यांना छावण्यांत ठेवलं, खायला घातलं, जिनिव्हा कराराप्रमाणे वागवलं आणि पुढे परत पाठवलं. कोणाला चौकात उभं करून घोषणा द्यायला लावल्या नाहीत. हत्यार टाकलेल्या शत्रूशी जे वागणं आपल्या फौजेने केलं नाही, ते आपल्या पोरांनी वर्गमित्राशी केलं. आबांच्या घशाखाली घास का उतरला नसेल, याचा मला तरी अंदाज येतो.

इथं एक सावधगिरीची सूचना करते, कारण माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत चांगली माणसंही ही चूक करताना दिसतात. मुलाला समजवायला बसलात की तुम्हाला पहिल्यांदा अब्दुल हमीद आठवतील. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणच्या आघाडीवर जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे उडवणारे, परमवीरचक्राचे मानकरी. किंवा ब्रिगेडियर उस्मान, जे फाळणीनंतर पाकिस्तानात गेले नाहीत आणि ३ जुलै १९४८ ला नौशेराच्या आघाडीवर कामी आले. त्यांच्या कथा जरूर सांगा, त्या आपल्या सगळ्यांच्या आहेत. पण बेकरीवाल्यांच्या बचावासाठी साक्षीदार म्हणून त्यांना उभं करू नका. तसं केलंत की 'पुरावा मागणं बरोबरच आहे, हा घ्या पुरावा' असं तुम्ही कबूल करून बसता. मग बेकरीवाल्याने काय करायचं? देशाचा ठरायला रणगाडा उडवायचा? तो पहाटे चारला भट्टी पेटवतो, गावाला पाव घालतो, वीजबिल भरतो, मतदान करतो. तुमच्या-माझ्या नवऱ्याकडून देशाने याहून जास्त कधी मागितलेलं नाही.

मुलगा म्हणेल, 'मग राग येऊच द्यायचा नाही का? २६/११ विसरायचं?' मुळीच विसरायचं नाही. उलट नीट आठवायचं. तुकाराम ओंबळे तुमच्याच जिल्ह्यातले, जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. गिरगाव चौपाटीवर हातात नुसती लाठी असताना त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगात घेतल्या, आणि म्हणून तो जिवंत सापडला. जिवंत सापडला म्हणून कट कुठं शिजला ते जगासमोर आलं. आणि मग या देशाने काय केलं? त्याला वकील दिला, खटला चालवला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील करू दिलं, आणि चार वर्षांनी, २१ नोव्हेंबर २०१२ ला, येरवड्यात कायद्याने फाशी दिली. त्या चार वर्षांत किती जणांनी दात-ओठ खाल्ले असतील! मीही खाल्ले. आज मात्र मला त्या खटल्याचा, ओंबळ्यांच्या शौर्याइतकाच, अभिमान वाटतो. ओंबळ्यांनी नळी धरली ती कसाबची, त्याच्यासारख्या नावाच्या कुणाची नाही. राग इतका नेमका ठेवता येणं ही फार मोठी ताकद आहे, ताई. फौजेत जाणाऱ्या मुलाला तर ती हवीच.

राग नेमका राहिला नाही की काय होतं, त्याची एक गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १९६२ मध्ये चीनने हल्ला केला. देश हादरला, चिडला, आणि ते चिडणं रास्तच होतं. पण त्या नोव्हेंबरात आसामातल्या माकुम, शिलाँग, दार्जिलिंग, कालिम्पाँग इथून चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना उचलून आगगाडीने दूर राजस्थानात, देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यांत सुतार होते, चहामळ्यांतले कामगार होते, हॉटेलवाले होते, शाळकरी मुलं होती. कित्येक इथंच जन्मलेले, काहींच्या आया भारतीय. चीन त्यांनी पाहिलासुद्धा नव्हता. गुन्हा काय, तर चेहरा आणि आडनाव. काहीजण १९६७ पर्यंत तिथं होते. सुटून आले तेव्हा कुणाचं दुकान दुसऱ्याचं झालं होतं, कुणाच्या घराचा लिलाव झाला होता. यामुळे सीमेवर एक इंच तरी जमीन परत मिळाली का? आजच्या अरुणाचलातलं बोमदिला वाचलं का? लढाई हरत होतो हिमालयात, आणि सूड उगवला सुताराच्या घरावर.

या गोष्टीचा विचार करताना मला दरवेळी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. चीनवर जपानने आक्रमण केलं तेव्हा, १९३८ साली, आपला देश स्वतः गुलामगिरीत असताना, काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक तिकडे पाठवलं. त्यात कोटणीस होते. बाकीचे परतले, हे राहिले. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत, तिथली भाषा शिकत, तिथंच लग्न करून. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेले. परक्या देशाच्या दुःखात धावून गेल्यामुळे कोटणीस कमी भारतीय झाले का? सोलापूरकरांना विचारा, त्यांनी त्यांचं स्मारक केलं आहे. आणि ते गेल्यावर वीसच वर्षांनी आपण देवळीची छावणी भरली. दोन्ही गोष्टी आपल्याच आहेत. कोटणीसांचा अभिमान घ्यायचा तर देवळीची लाजही घ्यावी लागेल. देशावर प्रेम असणाऱ्यालाच ती लाज वाटते. ज्याला काही वाटत नाही त्याचा मुळात देशाशी संबंध कमी.

तुमचे यजमान म्हणतात तो जोशाचा मुद्दा. त्यांना एवढंच सांगा की फौजेला आरडाओरडा करणारी पोरं नको असतात. एनडीएची लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि पुढची एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, निवडही ९०० गुणांचीच. त्या पाच दिवसांत मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपं देऊन गटाला अडथळा पार करायला सांगतात आणि बघणारे बघत असतात, की कोण दुसऱ्याला हात देतो, कोण दुसऱ्याचं ऐकतो, कोण कमजोर गड्याला मागे टाकून पुढे पळतो. सहकार्य आणि माणसांत मिसळणं हे तिथं मोजायचे गुण आहेत. पुढे अधिकारी झालाच तर त्याच्या हाताखाली कुठल्या धर्माचे, भाषेचे जवान असतील हे त्याच्या हातात नाही. अनेक पलटणींत सर्वधर्मस्थळ असतं, एका छपराखाली सगळ्यांचे देव. अधिकारी जवानांच्या सणाला जातो, त्यांच्या रीतीने हात जोडतो किंवा पसरतो, कारण उद्या हीच माणसं त्याच्या एका शब्दावर गोळीसमोर जाणार असतात. ज्याने मित्राची 'टेस्ट' घेतली, त्याच्या शब्दावर कोण जाईल? आबांना विचारा, ते सांगतील. खडकवासल्याच्या प्रबोधिनीचं ब्रीद 'सेवा परमो धर्मः' आहे. यजमानांना तेही दाखवा. (आणि त्या व्हिडिओवरून कुणी पोलिसांत गेलं असतं, तर चारित्र्य पडताळणीत काय झालं असतं, याचा त्यांनी जरा शांतपणे बसून विचार करावा. पण मुलाला हे कारण देऊ नका. शिक्षेच्या भीतीने मागितलेली माफी त्याच्या उपयोगाची नाही.)

आणि तुमची भीती, की हे काढताना देशप्रेमही मरेल? नाही मरणार. त्याला काम मिळालं नाही म्हणून ते चौकात भटकतंय. साने गुरुजींनी १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषण सुरू केलं. स्वातंत्र्य साडेतीन महिन्यांवर आलं होतं. गुरुजी तुरुंगवास भोगलेले, देशासाठी सगळं सोडलेले. पण त्या दिवसांत ते बसले ते आपल्याच माणसांसमोर : विठोबाच्या पायाशी जायला हरिजनांना दार उघडा म्हणून. दहा दिवसांनी ते उघडण्याचं ठरलं. त्या वेळी त्यांना धर्मबुडवा म्हणणारे होते. त्याच्या कितीतरी आधी महात्मा फुल्यांनी 'एकमय लोक' असा शब्द वापरून विचारलं होतं, की लोक एकमय झाल्याशिवाय राष्ट्र कशाचं? आपल्या घरातली घाण दाखवणारी ही माणसं देशावर रागावलेली नव्हती. आई आजारी असली तर मुलगा 'माझी आई ठणठणीत आहे' म्हणत गावभर मिरवत नाही, डॉक्टर आणतो. तुमच्या मुलाला असं काम द्या. तालुक्याच्या गावात कमी नसतं : रक्तदान शिबिर असेल, पाचवीतल्या पोरांचं गणित कच्चं असेल, ओढ्यात कचरा तुंबला असेल. त्यात बेकरीतल्या मुलालाही घ्या, पण 'मुसलमान' म्हणून बोलावू नका, मित्र म्हणून बोलवा.

त्या मुलाबद्दल मात्र मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुमच्या एवढ्या लांब पत्रात, तो आता कसा आहे, शाळेत येतो का, त्याची आई तुमच्याशी बोलते का, याबद्दल एक ओळही नाही. तुम्हाला काळजी आहे ती तुमच्या मुलाच्या मनाची. आईची असणारच. पण पहिली जखम त्या पोराला झाली आहे. चौकात, बापाच्या दुकानासमोर, बालमित्राच्या हातून. तो चार वेळा ओरडला, कारण काचेच्या बरण्या आणि बाप दोघंही त्याच्या पाठीशी उभे होते आणि दोघांनाही काही होऊ नये, असं त्याला वाटत होतं. तुमच्या मुलाला वाटतं तो 'पास' झाला. त्या मुलाला त्या क्षणी कळलं, की आपण या गावात बारा वर्षं वर्गात होतो तरी पाहुणेच होतो. ही समजूत एकदा मनात बसली की काढायला फार वर्षं लागतात, आणि ती काढायचं काम त्याचं नाही, आपलं आहे.

तेव्हा करायचं ते असं. स्टेटस चोवीस तासांत आपोआप गेलं असेल, पण व्हिडिओ फोनमध्ये आणि दहा ग्रुपांवर असणार. तो मुलाने स्वतः पुसायचा आणि ज्यांना पाठवला त्यांना 'पुसा, माझी चूक झाली' असं स्वतःच्या नावाने लिहायचं. स्टेटस सगळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून एक दिवस तेही स्टेटसला ठेवायचं. त्याला कमीपणा वाटेल. वाटू द्या. सीमेवर जायची तयारी असलेल्या मुलाला एवढं झेपायला हवं.

आणि भाषण देऊ नका. मीही इथं बरंच बोलले आहे, पण यातलं काही त्याला वाचून दाखवू नका. आबांना बोलतं करा. पन्नास वर्षांत त्यांनी जमालपूरबद्दल घरात किती सांगितलंय? बहुतेक काहीच नाही; लढलेली माणसं सहसा सांगत नाहीत. एक दिवस पदकं पुसताना मुलाने त्यांना एवढंच विचारावं, 'आबा, तिथं तुम्हाला वाट कोण दाखवत होतं?'

मग सकाळी आबा टोस्ट आणायला निघतील तेव्हा त्याला त्यांच्याबरोबर पाठवा. तुम्ही जाऊ नका, यजमानही नकोत. दुकानात गर्दी नसेल अशा वेळी. मुलाने काय बोलायचं ते पाठ करून घेऊ नका. शब्द सुचले नाहीत तर आबा शेजारी आहेत. मित्र समोर आला नाही, किंवा आला आणि काही बोलला नाही, तर रागावू नये. टोस्टचे पैसे द्यावेत, घरी यावं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं.